घ्यायचा काटा

मर्यादा पंधरा किलो.
वर एक ग्रॅमही चालणार नाही, नियमात ठळक छापलंय,
आणि आमच्या यंत्राचं डावं चाक अजून नीट बसत नाही.

वाळपईच्या शाळेत मी प्रयोगशाळेचा मदतनीस.
चाव्या माझ्याकडे, म्हणून संध्याकाळी पोरंही माझ्याकडे:
यतीन, ब्लेझी, आणि म्हाऊसची ती कमी बोलणारी उर्वी.
यंत्राचं नाव देवचार.
यतीनच्या आईला सांगितलेलं नाही.

प्रयोगशाळेचा तराजू अडीचशे ग्रॅमपर्यंतच,
मोरचूद तोलायचा.
म्हणून ब्लेझीने बहिणीचा बाथरूममधला काटा आणला.
लादीवर चौदा आठशे.
व्हरांड्यातल्या चिऱ्यांवर पंधरा दोनशे.
उर्वी म्हणाली, मी उचलून उभी राहते, मग मला वजा करा.
आकडा मोठ्याने वाचायचा नाही.
आम्ही पाठ फिरवली.
तिने तळहातावर बॉलपेनने हिशेब केला, मूठ मिटली:
पंधरा, जवळपास.
जवळपास हा शब्द नियमात नाही.

पियेदादने मासळीचा टांगता काटा दिला.
हुकाला लावताच देवचार गरगर फिरू लागला
आणि आकडाही त्याच्यामागे.
चाकांना बांगड्याचा वास लागला, तो अजून आहे.
पोस्टात गेलो. मास्तर म्हणाले, पार्सल कुठे जाणार?

मग यतीनने ते विचारलं
जे मी तीन दिवस टाळत होतो:
सर, तुमचं काजूच्या बियांचं दुकान होतं ना?

होतं.
काटेही होते. दोन.
एक घ्यायचा, एक द्यायचा.
चैत्रात केरी-ठाण्याकडून बाया यायच्या,
बोंडूच्या रसाने बोटं काळी, डोक्यावर पोतं.
दहा-दहा किलोंची धारण, पोत्यामागे चार वेळा.
कुणी कुरकुरलं तर बाबा म्हणत,
बी ओली आहे, बाय, सुकली की उतरते.
मी आठ वर्षांचा होतो तेव्हा मला ते सापडलं,
मापांच्या पारड्याखाली,
डांबरात दडवलेलं, सुपारीएवढं शिसं.
मी काही बोललो नाही.
जूनमध्ये नवं दप्तर आलं.

माळ्यावरून दोन्ही काटे उतरवले. दिसायला जुळे.
पोरांनी हाताला येईल तो आढ्याला टांगला,
एका पारड्यात दहाचं आणि पाचचं माप,
दुसऱ्यात देवचार.
दांडी हलली, हलली, आणि आडवी थांबली.
बरोब्बर पंधरा!
ब्लेझीने नाचायलाच सुरुवात केली.

मी म्हणालो, हा नव्हे.
का, सर?
तो दांडीकडे बोट दाखवत होता,
आणि दांडी खरोखर सरळ होती.

मी मापं उतरवली, पारडं उलटं केलं,
स्क्रू ड्रायव्हरने डांबर खरवडलं.
कुणी लावलं हे, विचारलं यतीनने.
बाबांनी, म्हणालो.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही
नववीतल्या पोरांसमोर.
उर्वीने शिसं तळहातावर घेतलं,
जिथे परवाचा हिशेब पुसट उरला होता.
आमची आजी इथंच बिया घालायची, ती म्हणाली.
एवढंच. आवाजात काही नव्हतं.
मग प्रयोगशाळेकडे चालू लागली.

एकशे अठरा ग्रॅम.
मोरचुदाचा तराजू शेवटी कामाला आला.

त्या रात्री आम्ही देवचाराच्या बाजूच्या पत्र्यांना भोकं पाडली.
एका पारड्यात शिसं,
दुसऱ्यात ॲल्युमिनियमचा कीस.
केवढा ढीग झाला, तरी पारडं खाली येईना.
ब्लेझी ड्रिल मारत होता, यतीन पत्रा धरून,
मी झाडूने जमिनीवरचाही कीस गोळा करत होतो,
वाया जायला नको म्हणून.
पावणेअकराला पारडी समोरासमोर आली.

उद्या पणजीला.
तिथला काटा कसला आहे, कुणाला ठाऊक.
देवचार आता चाळणीसारखा दिसतो.
शिसं उर्वीच्या कंपासपेटीत आहे,
मी मागितलेलं नाही.